‘पर्यंत’ आपला एकच, इंग्रजीत मात्र दोन: गोंधळाचे शब्द तुम्ही कसे शिकलात?

ऐरोली_नऊपाच

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात माझ्या हातून ऑफिसात एक चूक झाली, त्यावरून हा धागा काढते आहे.

मी तुर्भ्याला मालवाहतुकीच्या एका कंपनीत कागदपत्रांचं काम बघते. गोदामातला एक लॉट शनिवारी उचलायचा होता, तोवर तो हलवायचा नव्हता. मनात वाक्य तयार झालं, ‘माल शुक्रवारपर्यंत गोदामात ठेवा.’ मेलमध्ये मी लिहिलं, ‘कीप द गुड्स इन द वेअरहाउस बाय फ्रायडे.’ चेन्नईच्या माणसाने त्याचा अर्थ घेतला की शुक्रवारच्या आत माल गोदामात आणून ठेवायचा आहे. त्याने पुढचा लॉट घाईघाईने रवाना केला. गुरुवारी संध्याकाळी दारात ट्रेलर उभा आणि आत पाय ठेवायला जागा नाही. ड्रायव्हर दोन रात्री केबिनमध्ये झोपला. दुसऱ्या दिवशी त्याला डबा नेऊन दिला तेव्हा मान वर करून बोलवत नव्हतं.

मी मराठी माध्यमातली, इंग्रजी पाचवीपासून. पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झालं, तोवर माझी शाळा बरीचशी उरकली होती. सुटे शब्द मला येतात. ‘बाय’ येतो, ‘अन्टिल’ येतो. दोघांतला नेमका कुठला हवा, तिथे हात थबकतो. आणि घाई असेल तर थबकतही नाही, चुकीचा लिहून मोकळा होतो.

त्या दिवसापासून ‘पर्यंत’ असलेली वाक्यं कानाने टिपायला लागले. ट्रान्स-हार्बरच्या गाडीत, सोसायटीच्या नोटिशीत, फोनवर. त्यातून एक कसोटी हाती लागली. ‘पर्यंत’ काढून ‘च्या आत’ घालून बघायचं. ‘दहा तारखेपर्यंत मेन्टेनन्स भरा’ आणि ‘दहा तारखेच्या आत मेन्टेनन्स भरा’, अर्थ तोच राहिला, म्हणजे ‘बाय’. ‘दहा तारखेपर्यंत पाणी कमी दाबाने येईल’ यात ‘च्या आत’ घातलं की अर्थच बदलतो, म्हणजे ‘अन्टिल’. एकदा होऊन संपणारं काम ‘बाय’कडे, चालू राहणारं ‘अन्टिल’कडे.

अशा जोड्या तुम्हाला कुठे अडतात आणि तुम्ही त्या कशा सोडवल्या, ते लिहा. मला खरंच शिकायचं आहे.

नौपाडा_मास्तर

ताई, धागा आवडला. मी एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, आता निवृत्त आहे. माझी एक चूक आधी सांगतो, कारण ती अजून पुष्कळ वर्गांत होते आहे.

मी फळ्याच्या मधोमध रेघ मारायचो. डावीकडे ‘स्टेशनरी’ ए-वाली, उजवीकडे ‘स्टेशनरी’ ई-वाली. ही म्हणजे स्थिर, ती म्हणजे वह्या-पेन्सिली. मुलं वहीत उतरवून घ्यायची, दुसऱ्या दिवशी पाठ करून यायची आणि चाचणीत नेमकी उलटी लिहायची. मला वाटायचं मुलांचं लक्ष नाही. आज कळतं की मीच दोन्ही शब्द एका दिवशी, एका रेघेच्या दोन बाजूंना बसवून डोक्यात एकमेकांना चिकटवून ठेवले होते. मुलाला एवढंच आठवायचं की एक असा आहे आणि एक तसा आहे. कुठला कसा, ते नाही.

थॉमस टिंकम नावाच्या अभ्यासकाने १९९३ साली याच अंगाने प्रयोग केले होते. एकाच गटातले, जवळच्या अर्थाचे शब्द एकत्र शिकायला लोकांना जास्त वेळा घोकावं लागलं, एकमेकांशी संबंध नसलेले शब्द लवकर आले. ते अर्थाच्या जवळिकीबद्दल होतं. पण सारख्या दिसणाऱ्या आणि सारख्या ऐकू येणाऱ्या शब्दांचं तेच होतं, हे मी वर्गात वर्षानुवर्षं बघितलं आहे.

म्हणून शेवटच्या काही वर्षांत मी एक शब्द आधी शिकवायचो. तो वाक्यात, गोष्टीत, चांगला मुरवायचो. जोडीदार पंधरा दिवसांनी. ‘स्टेशनरी’ची गोष्ट अशी सांगायचो: जुन्या काळी युरोपात बहुतेक विक्रेते फिरते असत. विद्यापीठांच्या आसपास पुस्तकं विकणारा मात्र एका जागी दुकान मांडून बसायचा, म्हणून तो ‘स्टेशनर’, आणि त्याच्या दुकानातला माल ती ई-वाली स्टेशनरी. आपल्या गावदेवी मैदानाजवळ पाटीवाले फिरतात आणि वह्यांचं दुकान जागचं हलत नाही, तसंच. मुलांना हे चित्र डोळ्यांसमोर दिसायचं. पंधरा दिवसांनी ‘जागचं न हलणारं’ या अर्थाचा ए-वाला शब्द आला की तो आपोआप त्याच दुकानाशेजारी जाऊन बसायचा, पण त्याच्यात मिसळायचा नाही.

दुपारपाळी

मी ऐरोलीतच व्हॉइस प्रोसेसला आहे, सहा वर्षं झाली. माझा अनुभव आवाजाचा आहे.

आपण इंग्रजी शब्द मनातल्या मनात देवनागरीत लिहितो, गोंधळ पुष्कळदा तिथेच होतो. मराठीने इंग्रजी आवाजांची बरीच सोय केली आहे. ‘बॅट’ला ॲ, ‘बॉल’ला ऑ. ‘व्हॅन’ला व्ह आणि ‘वॉटर’ला व, म्हणजे ते दोन आवाजही आपण लिहिताना वेगळे ठेवतो. पण ए-ची मात्रा आपल्याकडे एकच. त्यामुळे परीक्षाही टेस्ट आणि चवही टेस्ट. फाटकही गेट आणि मिळवणंही गेट. लिहायचं पेन आणि दुखायचंही पेन. फोनवर समोरच्याला हे वेगळे ऐकू यावे लागतात.

आमच्या ट्रेनिंगमध्ये शिकवलेली एक गोष्ट फार उपयोगी पडली. हनुवटीवर बोट ठेवा. चव या अर्थाचा शब्द ‘टेय्स्ट’ असा म्हणा, मध्ये अगदी हलका य येऊ द्या. बोटाला हनुवटी किंचित वर सरकलेली कळेल. परीक्षेचा ‘टेस्ट’ म्हणताना ए आखूड ठेवा, तो संपेपर्यंत हनुवटी जागची हलत नाही. दिवसाला पाच मिनिटं, आरशासमोर. मला तीन आठवडे लागले.

दुसरी जोडी ‘लूज’ची. दुकानात आपण ‘लूज तेल’, ‘लूज बिस्किटं’ म्हणतो. इंग्रजीत सुट्या किंवा सैल वस्तूचा शब्द ‘लूस’ आहे, स-ने संपणारा, दोन ओ-वाला. ‘लूज’ म्हणजे हरवणं, त्यात एकच ओ. आपण बोलतानाच अदलाबदल केलेली असते, मग स्पेलिंगही तसंच बाहेर पडतं. ‘ॲडव्हाइस’ आणि ‘ॲडव्हाइज’ तसेच: सल्ला स-ने संपतो, सल्ला देणं ज-ने. हा ज ‘जीव’मधला नाही, ‘जरा’मधल्या ज-च्या जवळचा. एकाच अक्षराचे दोन आवाज आपल्याला नवे नाहीत. ‘चार’ आणि ‘चारा’ म्हणून बघा. तो कान इंग्रजीलाही लावायचा.

घणसोलीची_आई

@दुपारपाळी, अगदी हेच आमच्याकडे झालं! लेक तिसरीत आहे. निबंधाच्या वहीत तिने ‘मी रोज बससाठी थांबते’ असं इंग्रजीत लिहिलं आणि ‘वेट’चं स्पेलिंग डब्ल्यू-ई-टी केलं. बाईंनी लाल शाईने गोल केला आणि शेजारी बरोबर शब्द लिहून दिला. लेकीला चूक काय झाली ते कळेना. तिच्या कानाला दोन्ही एकच. मीही तिला समजावू शकले नाही, कारण मीसुद्धा दोन्ही सारखेच म्हणत होते. आज रात्री हनुवटीचा प्रयोग करून बघतो दोघी.

कोपरी_पूल

+१. ताईंची ‘च्या आत’ची कसोटी मस्त आहे. पण ‘साहेब सोमवारपर्यंत येणार नाहीत’ हे वाक्य घ्या. ‘सोमवारच्या आत येणार नाहीत’ हेही चालतं. मग इथे ‘बाय’ का?

ऐरोली_नऊपाच

अरे हो, याचा विचारच केला नव्हता. ऑफिसात तर अशी वाक्यं दिवसभर लिहिते. सर, सांगाल का?

नौपाडा_मास्तर

नकारी वाक्यात क्रिया बघू नका, नकार बघा. साहेबांचं ‘न येणं’ सोमवारपर्यंत चालू राहणार आहे. चालू राहणारं ते ‘अन्टिल’. ‘ही वोन्ट कम अन्टिल मंडे’, म्हणजे सोमवारी येतील. ताईंची कसोटी होकारी वाक्यांपुरती ठेवा. कोपरीकर, शंका अचूक काढलीत.

आता मूळ विषयाला धरून मोठं लिहितो, कारण ताईंनी नकळत खरी किल्ली दाखवली आहे. गोंधळ इंग्रजीचा असला तरी पुष्कळदा तो सुटतो मराठीत.

ऐकण्याचे दोन शब्द घ्या, ‘हिअर’ आणि ‘लिसन’. पुस्तकात दोन्हींपुढे ‘ऐकणे’ छापलेलं असतं. पण आपण बोलताना फरक करतोच की. गाडीचा भोंगा ‘ऐकू येतो’, आजीची गोष्ट आपण ‘ऐकतो’. ऐकू येणं ‘हिअर’, ऐकणं ‘लिसन’. तसंच ‘दिसणं’ आणि ‘बघणं’: खाडीपुलावरून फ्लेमिंगो दिसले तर ‘सी’, मान वळवून बघितले तर ‘लुक’. चार वर्षांच्या मराठी पोराला हा फरक येतो. इंग्रजीच्या तासाला आपण त्याला तो विसरायला लावतो.

याहून सुंदर उदाहरण ‘लाय’ आणि ‘ले’चं. भल्याभल्यांची यात गाळण उडते, ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे त्यांचीसुद्धा. आता मराठी क्रियापदं आठवा: पडणे-पाडणे, मरणे-मारणे, तुटणे-तोडणे, बसणे-बसवणे, चढणे-चढवणे. पहिलं आपलं आपण होतं, दुसरं कुणीतरी करतं. इंग्रजीच्या पूर्वजभाषेतही अशीच रीत होती आणि तिच्या काही जोड्या आजवर टिकल्या आहेत. ‘सिट’ म्हणजे बसणे, ‘सेट’ म्हणजे बसवणे. ‘राइज’ चढणे, ‘रेज’ चढवणे. झाड पडतं तो ‘फॉल’, झाड पाडतात तो ‘फेल’. आणि ‘लाय’ म्हणजे आडवं होणं, पडून असणं. ‘ले’ म्हणजे आडवं ठेवणं, अंथरणं. मूल चटईवर पडलं तर ‘लाय’, चटई अंथरली तर ‘ले’. पडणे-पाडणे ज्याच्या जिभेवर आहे त्याला हा फरक परका नाही.

एक खड्डा मात्र आहे. ‘लाय’चा भूतकाळसुद्धा ‘ले’ होतो: लाय, ले, लेन. आणि ‘ले’चा: ले, लेड, लेड. एवढं एक पाठच करावं लागतं, त्याला इलाज नाही.

भाजीमार्केट_वाशी

सर, नमस्कार. आम्ही एपीएमसीत कांदा-बटाटा बघतो. बाहेरच्या खरेदीदाराला रोज इंग्रजीत मेसेज जातो. ‘प्राइसेस रेज्ड’ असं लिहायचो आणि समोरचा विचारायचा, ‘कुणी चढवले? का चढवले?’ मला वाटायचं भांडण काढतोय. आज कळलं. भाव चढले तर ‘रोज’, आम्ही चढवले तर ‘रेज्ड’. हा फरक आमच्या धंद्यात फार मोठा आहे. मनापासून आभार.

खोकंवाला

मी ठाण्यात अभ्यासिकेत बसतो, बँकेच्या परीक्षेची तयारी चालू आहे. सरांबद्दल आदर ठेवून थोडं वेगळं मत मांडतो. शब्द वेगवेगळे शिकावेत हे पटलं. पण परीक्षेत चार पर्यायांत दोन्ही शब्द शेजारी शेजारीच येतात. पंधरा-पंधरा दिवस थांबायला आमच्याकडे वेळ नाही. जोड्यांची यादी करावीच लागते.

माझी पद्धत सांगतो. मिठाईच्या खोक्यात पुठ्ठ्याचे पाच कप्पे केलेत. सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये मांडलेली पद्धत आहे. प्रत्येक शब्दाचं कार्ड. उत्तर बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की कुठल्याही कप्प्यातून परत पहिल्या. पहिला कप्पा रोज बघायचा, दुसरा एक दिवसाआड, पुढचे अजून लांबवत न्यायचे. जे येतं त्यात वेळ जात नाही, जे येत नाही ते रोज समोर येतं. एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच दाखवलं होतं की पाठ केलेलं सुरुवातीला झपाट्याने विसरतं, नंतर विसरण्याचा वेग मंदावतो. म्हणून पहिल्या दिवसांत परत परत बघणं महत्त्वाचं.

‘प्रिन्सिपल’ची जोडी मी अशी बसवली: ए-एल-वाला म्हणजे ‘मुख्य’. शाळेतले मुख्याध्यापक तोच, आणि कर्जातलं मुद्दलही तोच, कारण व्याजाच्या तुलनेत मुख्य रक्कम ती. एल-ई-वाला म्हणजे तत्त्व. बँकेच्या परीक्षेला मुद्दलाचा अर्थ ठाऊक हवाच.

नौपाडा_मास्तर

@खोकंवाला, वेळेचं तुमचं म्हणणं मान्य. परीक्षा दोन महिन्यांवर असेल तर माझी चाल संथ पडेल. एक विनंती आहे. कार्डावर एका बाजूला शब्द आणि मागे अर्थ, असं करू नका. पुढे मराठी वाक्य लिहा, स्वतःच्या आयुष्यातलं, आणि मागे फक्त इंग्रजी शब्द. ‘दादाने गाडीच्या कर्जाचं मुद्दल फेडलं.’ मागे ‘प्रिन्सिपल’, स्पेलिंगसकट. शब्द ओळखणं वेगळं आणि वेळेला तो आठवणं वेगळं.

दुपारपाळी

एक गोष्ट खटकते आहे, राग नसावा. मराठीवरून शिकायचं हे सगळीकडे चालतं का? ‘अफेक्ट’ आणि ‘इफेक्ट’ घ्या. ‘पावसाचा लोकलवर परिणाम झाला.’ मराठीत ‘परिणाम’ हे नाम आहे. त्यावरून मी वर्षानुवर्षं ‘रेन हॅज इफेक्टेड द ट्रेन्स’ लिहीत आलो. इथे मराठीनेच मला फसवलं.

नौपाडा_मास्तर

बरोबर आहे, आणि याचं कारणही मराठीतच आहे. आपण नामाला ‘होणे’, ‘करणे’, ‘देणे’ जोडून काम चालवतो: परिणाम होणे, सराव करणे, सल्ला देणे. इंग्रजी तिथे पुष्कळदा एकच क्रियापद वापरतं. म्हणून ‘परिणाम’ शब्दावर थांबायचं नाही, ‘परिणाम होणे’ हा अख्खा तुकडा उचलायचा. अख्ख्या तुकड्याला ‘अफेक्ट’, नुसत्या परिणामाला ‘इफेक्ट’. सल्ल्याचंही तसंच: ‘सल्ला देणे’ हा अख्खा तुकडा म्हणजे ‘ॲडव्हाइज’.

‘इफेक्ट’ क्वचित क्रियापद म्हणूनही येतो, ‘घडवून आणणे’ या अर्थी. वाचनात आला तर दचकू नका, पण स्वतः लिहायची गरज फारशी पडणार नाही.

कोपरी_पूल

अजून एक. ‘आय ॲम लिव्हिंग इन ठाणे सिन्स फाइव्ह इयर्स’ असं मी बोललो आणि साहेबांनी सगळ्यांसमोर दुरुस्त केलं. ‘पाच वर्षांपासून’ला ‘सिन्स’ का नाही?

ऐरोली_नऊपाच

याची कसोटी माझ्याकडे आहे! आपल्याकडे ‘२०१९ पासून’ आणि ‘पाच वर्षांपासून’, दोन्हीला ‘पासून’च. ‘पासून’ काढून ‘झाली’ घालून बघा. ‘पाच वर्षं झाली ठाण्यात राहतोय’, चाललं, म्हणजे ‘फॉर’. ‘२०१९ झाली ठाण्यात राहतोय’, असं कुणी म्हणत नाही, म्हणजे ‘सिन्स’. दुपारपाळींनी वर ‘सहा वर्षं झाली’ असंच लिहिलं आहे बघा. आणि ‘राहतो’ आपला वर्तमानकाळ असला तरी तिथे ‘हॅव बीन लिव्हिंग’ लागतं.

खोकंवाला

ठाण्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. आपल्या गावाचं जे इंग्रजी स्पेलिंग आहे, त्याच स्पेलिंगचा एक शब्द इंग्रजीत आहे. उच्चार ‘थेन’. जुन्या स्कॉटलंडमध्ये राजाकडून जमीन मिळालेल्या सरदाराला म्हणत. परदेशातला माणूस फोनवर ‘थेन’ म्हणाला तर तो चूक करत नसतो, त्याच्या भाषेतला शब्द वाचत असतो.

दुपारपाळी

हे माझ्या बाबतीत कितीदा तरी झालं आहे. कारण आज समजलं.

ऐरोली_नऊपाच

सगळ्यांचे आभार. पंधरा दिवसांनी परत लिहिते आहे. सरांनी सांगितल्याप्रमाणे बारा कार्डं केली, पुढे मराठी वाक्य, मागे शब्द. पहिल्या कार्डावर त्या ट्रेलरचंच वाक्य आहे. खोकं डेस्कच्या खणात ठेवलं आहे, जेवणानंतर पाच मिनिटं काढते. एक सवय आणखी लावून घेतली. ज्या मेलवर गाडी हलणार आहे, त्यात ‘बाय’ किंवा ‘अन्टिल’ लिहिलं की खाली दुसरं वाक्य जोडते: ‘डू नॉट मूव्ह द गुड्स बिफोर सॅटर्डे.’ काल चेन्नईहून पहिल्यांदाच एकही उलटा प्रश्न न येता ‘नोटेड’ आलं.

घणसोलीची_आई

आमच्याकडेही प्रगती आहे. पहिला आठवडा फक्त थांबण्याचा ‘वेय्ट’ केला, बसस्टॉपवर रोज. भिजण्याचा शब्द मुद्दाम काढलाच नाही. मंगळवारी पाऊस आला, बस आली नाही, छत्री एकच. घरी आल्यावर तिने कपडेही बदलले नाहीत, वही घेऊन बसली आणि लिहिलं: ‘वी गॉट वेट बिकॉज वी वेटेड.’ पहिला डब्ल्यू-ई-टी, दुसरा ए-आय घालून. मी काहीही सांगितलं नव्हतं. वहीच्या पानावर केसांतलं पाणी टपकत होतं आणि ती हनुवटीवर बोट ठेवून दोन्ही शब्द परत परत म्हणत होती.

सर, आता पुढची जोडी कुठली देऊ?

नौपाडा_मास्तर

ताई, हे वाचून फार बरं वाटलं. ते पान जपून ठेवा. पुढचा शब्द ‘टेय्स्ट’ द्या, चवीचा. स्वयंपाकघरात द्या, आमटीत मीठ बघायला सांगताना. परीक्षेचा ‘टेस्ट’ एवढ्यात नको, शाळा तो स्वतःहून देईलच.